टोकं दाराकडे

“लिहा, यांना काही होत नाही,” ती म्हणाली, आणि सैनिक कचेरीतल्या कारकुनाने पेन खाली ठेवलं.

“ताई, काही होत नाही तर आलात कशाला?”

शेजारच्या खुर्चीत तिचा नवरा खिडकीतल्या उन्हात तरंगणारी धूळ बघत बसला होता. सैन्यातून परत येऊन एकोणीस वर्षं झाली तरी आळीत त्याला सगळे फौजीच म्हणत. ती शाळांचे गणवेश शिवायची, त्यामुळे समोर येईल त्या माणसाचं माप तिच्या डोळ्यांत आपोआप उतरायचं. कारकून : गळा साडेपंधरा, फायली वाहून डावा खांदा उतरलेला. माणूस वाईट नव्हता. फौजीचा उपचारांसाठीचा अर्ज त्यानेच तीनदा परत पाठवला होता, पण तिन्ही वेळा तिच्या नजरेला नजर न देता.

जुना कायदा सरळ होता. लढाईने मनाला इजा झाली म्हणता? मग त्याच चौकीवरचे दोन साक्षीदार आणा. चौकीवर सहाजण होते आणि पाच तिथेच राहिले. अशा वेळी साक्षीदार कुठून आणायचे, याचं कलम कुणी लिहिलं नव्हतं. यंदा कायदा बदलला. आता घरच्या माणसाची साक्ष चालणार होती. अट एकच : साक्ष अर्जदारासमोर द्यायची, आणि त्याने ऐकून खाली सही करायची. डॉक्टर, औषधं, आठवड्यातून एकदा मोकळं बोलायला खोली, हे सगळं त्या सहीच्या पलीकडे होतं.

कारकुनाने फायलीतून एक जुना कागद काढला. मागे पाहणीला माणूस घरी आला होता, त्याचा. “घरात काही तक्रार नाही. हे तुम्हीच सांगितलंय, ताई.”

सांगितलं होतं खरं. फौजी पहाटे उठून दारातली सगळी पायताणं फिरवून ठेवायचा, टोकं दाराकडे, मध्ये सारखं अंतर. पाहुण्यांचीसुद्धा सोडायचा नाही. चहा कपात पडायच्या आत पाहुण्यांच्या चपला निघायच्या तयारीत. “आम्हाला घालवायची एवढी घाई?” म्हणून जाऊबाई दोन वर्षं फुगून बसल्या, तेव्हा हिने ते आपल्या अंगावर घेतलं. माझीच खोड, शिवणकामाचा हात, वाकडं बघवत नाही. आळीने तिचं नाव कवायतबाई ठेवलं. तिने तेही घेतलं. पाहणीच्या माणसालाही तेच सांगितलं. खरं फौजीला माहीत होतं, तिला माहीत होतं, आणि एकोणीस वर्षं दोघांनी तो विषय ओठांवर येऊ दिला नव्हता.

पंखा घुंघुं करत होता. तिला वाटलं, खोलीत पाणी भरलंय आणि टेबल, फायली, कारकुनाचा चष्मा सगळं हळूहळू तरंगतंय. त्या पाण्याखालून आपलाच आवाज तिला ऐकू आला.

“चपला हे फिरवतात. मी नाही.”

मग बाकीचंही आलं, टाका उसवावा तसं. दुपारी आडवे होतात ते बूट घालूनच. कुणी नुसती वहाण घासत चाललं तरी दचकून पंगतीतून उठतात. सांगताना ती नवऱ्याकडे बघत नव्हती, आपल्या बोटांवरच्या सुयांच्या खुणा बघत होती.

धूळ तेवढी वरखाली होत राहिली.

“दुपार होती,” फौजी म्हणाला. “बूट मीच काढायला लावले. म्हटलं, आज शांत आहे, पाय मोकळे करा.” त्याने खाली आपल्या बुटांकडे पाहिलं. “भिंतीकडे टोकं करून ठेवले होते सगळ्यांनी. हल्ला झाला तेव्हा ते फिरवून घालेपर्यंत वेळ निघून गेली.”

कारकुनाने ते लिहिलं नाही. कागद हळूच पुढे सरकवला.

“हिने सांगितलं ते बरोबर आहे,” फौजी म्हणाला. “कुठे करू सही?”

मंगळवारी ती त्याला घेऊन दवाखान्यात गेली. मोकळं बोलायच्या त्या खोलीत सतरंजी अंथरली होती, पायताणं बाहेर काढायची. दारापाशी ती थबकली. अकरा जोड ओळीने लावलेले, टोकं बाहेर, मध्ये सारखं अंतर. ओल्या फरशीवर पडलेल्या उन्हात ते किनाऱ्याला लावलेल्या होड्यांसारखे दिसत होते, कुणी हाक मारली की निघणार.

अकरा. म्हणजे अकरा घरांत कुणीतरी कवायतबाई. तिला हसू आलं, आणि मग पदर तोंडाला लावावा लागला.

आतून कुणीतरी फौजीला “या, बसा” म्हटलं. तो बूट काढून आत गेला, ती दारापाशीच्या बाकावर टेकली. दार लोटलं गेलं, तेव्हा तिने त्याच्या, बाराव्या जोडाकडे पाहिलं. एक बूट भिंतीकडे तोंड करून होता, दुसरा आडवा पडलेला.

तिचा हात पुढे झाला. मग तो तिने मांडीवर परत ठेवला, दुसऱ्या हाताखाली, आणि तशीच बसून राहिली.