माझ्यासमोर बोललेल्या बाई

मित्रांनो, मी मुठीत मावणारा एक जुना रेकॉर्डर आहे. माझ्या कपाळावर लाल दिवा आहे, पोटात दोन बारीक सेल असतात, आणि समोरच्याचे बोलणे जसेच्या तसे सांभाळून ठेवणे एवढेच मला येते. अंगावर ओरखडे पडले, बटणांचा रंग उडाला; कान मात्र अजून शाबूत आहेत.

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटले होते, एखाद्या गायकाच्या हाती पडेन. पडलो एका संशोधक ताईंच्या हाती! शाळांमध्ये गणित कसे शिकवतात, याचा त्या अभ्यास करत. मग काय, गाण्याऐवजी माझ्या नशिबी पाढे आले. मला टेबलावर ठेवले की सगळा वर्ग शहाण्यासारखा वागे. एरवी आवाज चढवणारे गुरुजी माझ्यासमोर "बाळांनो" म्हणू लागत आणि मुले तोंड दाबून हसत.

परतताना बसथांब्यावर ताई मला तोंडाशी धरून मनातले बोलून ठेवत. "मुलांनी चुकत चुकत शिकावं म्हणतो आपण," त्या एकदा म्हणाल्या, "पण शिक्षकांना न येण्याची मुभाच नाही. मला तरी कुठे आहे? आज सकाळी माझ्या मार्गदर्शक सरांनी दाखवलेला तक्ता मला ओ की ठो कळला नाही, तरी मान डोलवत बसले." असे खरे बोलणाऱ्या ताईंचा मला फार अभिमान वाटे.

एका शाळेत खोल्या कमी होत्या, म्हणून सहावीचा वर्ग जुन्या प्रयोगशाळेत भरे. कोपऱ्यात हाडांचा सांगाडा उभा असे. मुले त्याला मामा म्हणत आणि हजेरी संपली की "मामा हजर!" असे ओरडत. तिथल्या बाई एकदा तास संपल्यावर ताईंजवळ येऊन बसल्या. माझा दिवा लागलेला त्यांना दिसत होता.

"ताई, खरं सांगू? अपूर्णांकाचा भागाकार असला की दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणायला सांगते मी. पण उलटा का करायचा, ते मलाच कळलेलं नाही. कुणी विचारू नये म्हणून घाईघाईने फळा पुसते."

"कधी कुणाला विचारलं नाहीत?"

"कुणाला विचारणार? इतकी वर्षं शिकवतेय, लोक हसतील. तुम्ही समजवाल का मला? आणि हे कुठे बाहेर जाणार नाही ना?"

"तुमचं नाव कुठेही येणार नाही, बाई. आणि पुढच्या खेपेला नक्की समजावते."

बाईंचा जीव भांड्यात पडला. मित्रांनो, इतके मोकळे बोलणे मी त्याआधी कुठल्याच शाळेत ऐकले नव्हते.

ताईंनी लेख लिहायला घेतला. त्यांच्या मार्गदर्शक सरांनी मला ऐकले आणि टेबलावर थाप मारली. "अगं, सोनं आहे हे! लेखाची सुरुवातच याने कर."

ताईंनी नाव गाळले, गाव गाळले. सांगाडा मात्र त्यांच्याने गाळवेना. 'सांगाड्याच्या साक्षीने शिकवणारी शिक्षिका' हे आपले वाक्य त्यांना स्वतःलाच फार आवडले होते. त्यांनी ते खोडले आणि पुन्हा लिहिले. लेख गाजला, व्याख्यानांची निमंत्रणे आली, आणि या धांदलीत पुढची खेप लांबत गेली.

अखेर आम्ही गेलो. भागाकार समजावण्यासाठी ताईंनी कागदाच्या पट्ट्या कापून आणल्या होत्या. मुख्याध्यापक दारातच भेटले. "या, या! तुमचा लेख आमच्या प्रशिक्षणात वाचून दाखवला. सांगाडा म्हटल्याबरोबर सगळ्यांनी ओळखलं, हसून हसून पुरेवाट झाली! बरं झालं लक्षात आणून दिलंत. गणित काढून घेतलं त्यांच्याकडून. आता चित्रकला शिकवतात."

ताई तशाच चित्रकलेच्या वर्गात गेल्या.

बाई रंगपेट्या आवरत होत्या. "बाई, माझं चुकलं," ताई म्हणाल्या. "तो भागाकार... आज समजावू?"

"आता कशाला, ताई?"

मग बाईंनी ताईंच्या हातातून मला घेऊन स्वतःच माझे बटण दाबले, दिवा लागल्याची खात्री केली आणि त्या शांतपणे म्हणाल्या, "सगळं छान चाललंय. शाळा छान, मुलं छान. मला काही अडचण नाही." मला बंद करून त्यांनी ताईंच्या हातात दिले.

मला रडता येत नाही, नाहीतर तेव्हा रडलो असतो. ताई अजूनही शाळांमध्ये जातात, पण मला टेबलावर ठेवायला त्यांचा हात धजत नाही. मी खणात पडून असतो.

मित्रांनो, तुमच्या बाई कधी वर्गात म्हणाल्या, "हे मला येत नाही, उद्या बघून सांगते," तर हसू नका. गंमत म्हणून घरी जाऊनही सांगू नका. दुसऱ्या दिवशी वेळेवर या आणि त्या काय सांगतात ते ऐका.