साठ गुंडाळ्यांची राखण

लखीरामने आयुष्यात म्हशी राखल्या, कापसाचे ढीग राखले, एका लग्नात तर नवरदेवाची नवी मोटारसायकल दिवसभर राखली. पण संडासातल्या कागदाच्या गुंडाळ्या राखायचं काम त्याला पासष्टाव्या वर्षी पहिल्यांदाच मिळालं.

काम दिलं ते उर्वशीने. नेर तालुक्यातल्या शेतकऱ्याची ही पोर जंगलातल्या किड्यांवर पीएचडी करत होती. पांढरकवड्यापासून आत, लखीरामच्या तांड्यामागे सागाचं जंगल सुरू होतं. दसरा झाला आणि ती वनखात्याचा परवाना, एक खुरपं आणि साठ गुंडाळ्या घेऊन स्कुटीवर आली. तीस गुंडाळ्या नाल्याच्या अलीकडे, तीस पलीकडे. प्रत्येक गुंडाळी अर्धी मातीत, अर्धी वर, आणि शेजारी नंबर लिहिलेली लाल काडी. लखीरामची बायको चंदाबाई कमरेवर हात ठेवून हे सगळं पाहत होती. पेरणी तर झाली, आता पाणी कधी द्यायचं, असं तिने गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, विचारलं. गोरबोलीतला टोमणा मराठीत आणला की त्याची धार जाते, पण उर्वशीला न कळताही हसू आलं.

जाताना तिने सांगितलं की दोन महिने यायला जमणार नाही. ढोरं येऊ देऊ नका, सरपणवाल्या बायांना हात लावू देऊ नका. बस, एवढंच. त्या गुंडाळ्या वाळवीने खाव्यात म्हणूनच पुरल्यात, हे काही ती बोलली नाही. तिच्या लेखी ते सूर्यप्रकाशाइतकं उघड होतं.

लखीरामच्या लेखी वेगळंच काही उघड होतं. त्याच्या आज्या-पणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घातला होता. बैल गेले, वाटा गेल्या, तांड्याच्या हाती वावरं आली, तरी घरात एक सवय उरलीच. ताब्यात घेतलेला माल जेवढा घेतला तेवढाच परत करायचा. वाटेत गोणीची शिवण उसवली तर त्याचा आजा दोन दिवस जेवत नसे म्हणे.

पंधरा दिवसांनी लखीराम सहज फेरी मारायला गेला, तर नऊ नंबरच्या गुंडाळीवर मातीचा पापुद्रा. नखाने उकरला. आत पांढरी वाळवी, म्हणजे इकडची उधई, वळवळत होती आणि अर्धा कागद गायब होता.

दुसऱ्या दिवशी तो बस धरून पांढरकवड्याला गेला. दुकानदाराने विचारलं, फॉरेनचे पाहुणे आलेत का काका? तसल्या गुंडाळ्या संपल्या होत्या. मग लखीरामने लग्नाच्या पंगतीत ठेवतात ते कागदी रुमाल घेतले, गुलाबाची फुलं छापलेले. तुरीच्या काडीवर ते घट्ट गुंडाळले आणि नऊ नंबरच्या खड्ड्यात बसवले. लांबून कोणाला कळलं नसतं.

आता उरलेल्या वाचवायच्या होत्या. मुक्काम पडला की जुनी माणसं गोण्यांखाली राख पसरायची आणि लाकडांना बिब्ब्याचं तेल चोळायची. उधई फिरकायची नाही. घरात बिब्ब्याच्या तेलाची बाटली होती आणि चुलीत राख होती. चार दिवस खपून त्याने नाल्याच्या अलीकडच्या तीसही गुंडाळ्यांभोवती राखेचं रिंगण आणि त्यावर तेलाचं बोट फिरवलं. बिब्बा उततो हे तांड्यातलं शेंबडं पोरही जाणतं. हाताला आधी खोबरेल चोळायचं असतं. घाईत तेच राहिलं.

पाचव्या दिवशी त्याचे दोन्ही हात पुऱ्यांसारखे फुगले. आठ दिवस चंदाबाईने त्याला भाकरीचा एकेक घास भरवला आणि प्रत्येक घासाबरोबर एकेक टोमणा. संडासाचा कागद संडासातही कोणी राखत नाही, तुम्ही जंगलात जाऊन राखता, म्हणाली. पण घास मात्र दुधात कुस्करून मऊ केलेला असायचा, आणि आधी स्वतःच्या ओठाला लावून ऊन-गार पाहिलेला.

हात बरे झाल्यावर तो नाल्यापलीकडे गेला. तिथे लाल काड्या तेवढ्या उभ्या होत्या. गुंडाळ्यांच्या जागी मातीची टेंगळं. हे त्याने चंदाबाईपासूनही लपवलं. जेवण मात्र गोड लागेना.

कापसाची दुसरी वेचणी चालू असताना उर्वशी आली. लखीराम धुतलेलं धोतर नेसून तयारच होता. तिने एक नंबर उकरला. पांढराशुभ्र. दोन नंबर, तसाच. पाच, सात, सगळे कोरेकरकरीत. नऊ नंबरमधून गुलाबाची फुलं निघाली. तिने तो रुमाल नाकाशी नेला, बिब्ब्याचा वास ओळखला, मग भोवतीच्या राखेकडे आणि लखीरामच्या हातांवरच्या काळ्या डागांकडे पाहिलं.

“छान राखल्या, बाबा,” ती म्हणाली.

आवाज मात्र असा होता, जसा कोरा पेपर देऊन बाहेर आलेल्या पोराचा असतो. तिने वही मिटली, खुरपं पिशवीत घातलं. एवढ्या पाहिल्या त्या पुरेत, उरलेल्या पाहायची गरज नाही, म्हणाली.

लखीरामला वाटलं, सुटलो. पलीकडचं आता कधीच कोणाला कळणार नव्हतं. तो तिला स्कुटीपर्यंत पोचवायला निघाला. दहा पावलं गेला, वीस गेला. तिने स्कुटीला किल्ली लावली, तेव्हा मात्र त्याने हँडल धरलं.

“थांब बाई. नाल्यापलीकडच्या तू पाह्यल्याच नाईत.”

“असू द्या बाबा, त्याही अशाच असतीन.”

“नाईत. तेच सांगून राह्यलो. इकडच्या राखल्या अन् तिकडच्या म्या गमावल्या. हात सुजले होते, पण ते काई कारण नाई. तुवा भरवशानं माल सोपवला अन् म्या अर्धा लुटू देल्ला.”

उर्वशी खाली उतरली. “लुटू दिला म्हणजे?”

“उधईनं खाल्ला. काईच नाई उरलं.”

“तिकडं तेल नाही लावलं? राख?”

“नाई ना.”

ती पिशवी तिथेच टाकून धावत सुटली. लखीराम मागोमाग नाला ओलांडून पोचला तोवर ती गुडघ्यांवर बसून टेंगळं फोडत होती आणि हसत होती. तो मान खाली घालून बोलणी खायला उभा राहिला.

“बाबा, मले हेच पाहिजे होतं,” ती म्हणाली. “उधईनं खावं म्हणूनच पुरल्या होत्या.”

मग तिने त्याला शेजारी बसवून नीट सांगितलं. कागद म्हणजे शेवटी लाकूडच. तो किती दिवसांत किती खाल्ला जातो, त्यावरून जंगलात वाळवी किती काम करते ते समजतं. सागाची एवढी पानं दरवर्षी गळतात, फांद्या पडतात, ते सगळं उचलतं कोण? हीच मंडळी. ती वाळलेलं खातात, त्याची माती करतात, आणि त्यांच्या बिळांतून पाणी खाली मुरतं. अस्वलापासून पाखरांपर्यंत कितीकांचं पोट त्यांच्यावर चालतं. लखीरामने वर पाहिलं, मग पायाखाली पाहिलं. पासष्ट वर्षं तो ही पानं पडताना पाहत होता. ती जातात कुठे, हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं.

“मंग मघा बोलली काहून नाई?” त्याने विचारलं.

“तुमचे हात पाहून जीभ रेटली नाही,” ती म्हणाली.

वाळवीला अडवलं तर काय आणि मोकळं सोडलं तर काय, हे आता समोरासमोर दिसत होतं. पण एकदा असं झालं म्हणून लगेच ते खरं धरता येणार नव्हतं. पुढच्या वर्षी पुन्हा सगळं मोजूनमापून करावं लागणार होतं, दोन्ही काठांवर, आणि राखणीला लखीरामच हवा होता. तेल कोणत्या दिवशी, कुठे, किती लावलं ते तिने विचारलं. त्याने झाडाझाडाच्या खुणेने तीसही गुंडाळ्यांचा हिशोब तोंडपाठ सांगितला. ती लिहिता लिहिता नवावर थांबली.

“इथं काय लिहू?”

“गुलाब लिही,” तो म्हणाला.

दुपारी तांड्यावर चहा पिताना चंदाबाईने विचारलं, माल पोचला का एकदाचा? लखीरामने सांगितलं की अर्धा उधईनं खाल्ला आणि त्या अर्ध्यानंच आपली लाज राखली. चंदाबाईने नवऱ्याकडे पाहिलं, मग उर्वशीकडे. या वेळी ती मुद्दाम मराठीत बोलली, पाहुणीलाही कळावं म्हणून.

“उधईचं पोट भरल्याची एवढी खुशी होय? मंग घराची चौकटबी खाऊ घाला तिले. अन् निजा तुमी अन् ते उधई जंगलात, एकमेकाची राखण करत.”

उर्वशीला चहाचा ठसका लागला. लखीराम तिच्या पाठीवर थापट्या मारत राहिला आणि तिच्या चहासाठी आणखी साखर आणायला चंदाबाई आत गेली.