रिकाम्या झोळीचे वजन

मित्रांनो, लांबून पाहणाऱ्याला मी घड्याळ वाटतो. गोल तोंड, पांढरी तबकडी, वर काच. पण मला काटा एकच आणि मी वेळ सांगत नाही. मी आहे बाळांचे वजन करणारा एक जुना वजनकाटा. माझ्या डोक्यावर एक कडी आणि पायाशी एक आकडा. त्या आकड्याला झोळी अडकवतात, झोळीत बाळ निजवतात आणि मी आकडा दाखवतो. खाली आकडा, वर आकडा. एकाच शब्दात माझा सगळा जन्म मावतो.

सध्या मी एका काचेच्या कपाटात आहे. कपाटाला कुलूप आहे. माझ्या गळ्यात सुतळीने बांधलेली एक चिठ्ठी आहे. ती तिथे कशी आली, ते सांगण्यासाठी हा सारा प्रपंच.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. कारागिराने माझ्या पोटात स्प्रिंग बसवली, तोंडावर काच चढवली आणि मला दहा किलोचे वजन शंभर वेळा लटकवून पाहिले. शंभरही वेळा माझा काटा बिनचूक परत आला, तेव्हा त्याने मान डोलावली. त्याच दिवशी मला माझी कैद कळली. आत स्प्रिंग, बाहेर काच. जे काही मला उमगेल ते काट्याच्या टोकानेच सांगायचे. बाळ खुदकन हसले तरी आकडा, किंचाळले तरी आकडा. दुसरा शब्द मला दिलेलाच नाही.

तिथून मी एका माता-बाल केंद्रात आलो. केंद्र म्हणजे दोन खोल्या. एका खोलीत चटया अंथरलेल्या असत. तिथे पोटुशा बायका श्वासाचे व्यायाम करत, एकमेकींच्या कमरा चोळून देत आणि मनातले बोलत. दुसऱ्या खोलीत तपासणीचे टेबल, पाण्याचा माठ आणि तुळईला लटकलेला मी.

केंद्र चालवणाऱ्या सुईणबाईंना सगळ्या मावशी म्हणत. मावशींचा एक नियम होता. बाळाला हात लावण्याआधी त्या रिकामी झोळी माझ्या आकड्याला अडकवत, डोळे बारीक करून तबकडी पाहत आणि मोठ्याने म्हणत, “शून्य!”

बायका हसत. एकदा एकीने विचारलेही, “मावशी, रोज तीच झोळी, तोच काटा. रोज काय ते शून्य शून्य?”

“तू रोज तेच तोंड धुतेस ना? मग!” मावशी म्हणाल्या.

बाळाचे वजन झाले की त्या आईकडे वळत. तिच्यासाठी तीन प्रश्न ठरलेले होते. झोप झाली का? पोटभर जेवलीस का? आणि रडलीस का? तिसरा प्रश्न ऐकून नव्या बायका दचकत. मावशी सांगत, “हसलीस का विचारलं की सगळ्या हो म्हणतात. म्हणून असं विचारायचं.”

माझी झोळी पातळ सुती कापडाची होती. ती अडकवली की काटा नेमका शून्यावर येईल, इतका माझा स्क्रू मावशींनी फिरवून ठेवला होता. झोळी नसली की काटा शून्याच्या दोन रेघा मागे उभा राही. रेघ म्हणजे पन्नास ग्रॅम. सोळा वर्षे हे असेच चालले. शेकडो बाळे माझ्या आकड्याला झुलून गेली. “काट्यासारखा काटा!” असे लोक माझे कौतुक करत आणि मला ते आवडे, खोटे कशाला बोलू?

मग एका वर्षी चटयांच्या खोलीत एक शिवणकाम करणारी बाई येऊ लागली. सगळ्या तिला शिवणताई म्हणत. तिच्या गळ्यात टेप कायम. पोटावर टेप लावून ती मावशींना म्हणे, “आज अर्धा इंच!” तिला मुलगी झाली. जन्मतः वजन दोन किलो आठशे. मुलीला तिने लाडाने गुंडी म्हणायला सुरुवात केली. गुंडी दोन आठवड्यांची असताना माझ्याकडे आली, तेव्हा मी दोन किलो साडेआठशे दाखवले. ते खरे होते.

त्याच दिवशी माझी झोळी शिवणीतून उसवली. आणि त्याच महिन्यात मावशींच्या गुडघ्यांनी राम म्हटला. त्या घरी बसल्या.

“झोळी माझ्याकडे लागली,” शिवणताई म्हणाली. “अशी शिवून देते, की फाटायचं नाव घेणार नाही.”

दोन आठवड्यांत तिने बाळ सांभाळून झोळी शिवून आणली. जाड कापड, तेही दुहेरी. चार पदरी पट्टे. दोन भक्कम लोखंडी कड्या. सगळ्यांनी ती हातात घेऊन वाखाणली. केंद्रात आलेली नवी सिस्टर तर खूश झाली. ती तरुण होती, कामाला वाघ होती आणि एकटी होती. मावशी आणि त्यांची मदतनीस मिळून जे काम करत, ते सगळे आता तिच्या एकटीच्या अंगावर होते. बाळाला टेबलावरच झोळीत घालायचे, उचलून आकड्याला अडकवायचे, आकडा लिहायचा आणि झोळीसकट बाळ पुन्हा टेबलावर. रिकामी झोळी माझ्या आकड्याला कधी लागलीच नाही. ‘शून्य’ हा शब्द त्या खोलीतून गेला. त्याच्या मागोमाग ते तीन प्रश्नही गेले.

नवी झोळी जुनीपेक्षा साडेतीनशे ग्रॅम जड होती. पहिल्याच बाळाला मला कळले. पण कळून काय उपयोग? जे लटकते त्याचे वजन मी सांगतो. त्यातले बाळ किती आणि कापड किती, हे मला कोणी विचारत नाही आणि मला सांगता येत नाही.

गुंडीला एक महिना झाला. तिचे खरे वजन दोन किलो साडेनऊशे होते. माझा काटा तीन किलो तीनशेवर जाऊन थांबला.

“छान!” सिस्टर म्हणाली. “अगदी हवं तेवढं.”

“पण सिस्टर, ती पिता पिता झोपते,” शिवणताई म्हणाली. “दुपटी फार ओली होत नाहीत. मला ती हाताला हलकी लागते.”

बरोबर सासूबाई आल्या होत्या. त्यांचा मंडईत भाजीचा गाळा होता. त्या हसल्या. “घरातही हेच. बाळ बारीक, बाळ बारीक! अगं, काटा समोर आहे. काटा काय खोटं बोलतो?”

मित्रांनो, त्या क्षणी मला स्प्रिंग तोडून खाली पडावेसे वाटले. पण वजनकाट्याला पडताही येत नाही. ज्याने टांगले त्यानेच काढावे लागते. समोर एक आई खरे सांगत होती, मी खोटे दाखवत होतो आणि विश्वास माझ्यावर ठेवला जात होता.

पुढच्या दोन आठवड्यांत तशी अकरा बाळे माझ्या आकड्याला लागली. अकराही वेळा मी साडेतीनशे ग्रॅम कापडाला बाळ म्हटले.

सहा आठवड्यांची गुंडी पुन्हा आली. शिवणताईचे डोळे आत गेले होते. बहुधा झोप नव्हती. सिस्टरने विचारले नाही. बाहेर रांग लागली होती. मी तीन किलो चारशे दाखवले. खरे होते तीन किलो पन्नास.

“जरा सावकाश चढतेय, पण चढतेय,” सिस्टर लिहिता लिहिता म्हणाली. “काही बाळं अशीच असतात.”

शिवणताईने पिशवीतून एक झबले काढले. त्याच्या बंदावर पेन्सिलची खूण होती. “दोन आठवड्यांची होती तेव्हा गाठ इथे बसत होती. आजही इथेच बसते. छातीला टेप लावला. सुताचा फरक नाही. तेव्हापासून साडेपाचशे ग्रॅम वाढली म्हणता, तर ती वाढ गेली कुठे?”

“टेप मोठा की काटा मोठा?” सासूबाई म्हणाल्या. “तू आधी स्वतःच्या डोक्यातलं काढ. सिस्टर, हिला काहीतरी समजवा हो. घरात हसणं बंद झालंय हिचं.”

सिस्टर झोळी काढायला पुढे झाली.

“थांबा,” शिवणताई म्हणाली. “मावशी आधी शून्य म्हणायच्या.”

“ताई, बाहेर नऊ जणी आहेत.”

“एकदाच.”

तिने झोळी तशीच लटकत ठेवली आणि आतून फक्त गुंडीला उचलून घेतले. माझा काटा झर्रकन मागे आला. मागे आला, मागे आला आणि शून्याच्या सात रेघा अलीकडे थांबला. मी थरथरत राहिलो. आयुष्यात मी इतक्या मोठ्याने काही बोललो नव्हतो.

शिवणताईने एका हाताने झोळीचा काठ चिमटीत धरला, जसे ती गिऱ्हाइकाचे कापड धरत असेल. “दुहेरी कापड,” ती म्हणाली. “चार पदर. दोन कड्या. मीच शिवलंय हे.” मग तिने गुंडीला छातीशी घट्ट धरले. “मीच झाकलं तिला.”

सासूबाई माझ्या तोंडाशी येऊन उभ्या राहिल्या. रेघा मोजल्या. “अगं बाई, पासंग! रिकाम्या पारड्याचाच फरक!” त्या पुटपुटल्या. “हयात गेली माझी तराजू धरण्यात. गिऱ्हाइकं माझ्याकडून पासंग काढून घेतात. आणि नातीला तोलताना मी डोळे मिटले.” त्यांनी गुंडीला स्वतःकडे घेतले. “तू बस आधी. सिस्टर, हिला पाणी द्या. आणि हिचं ऐका आता. मीही ऐकते.”

सिस्टर पांढरीफटक पडली होती. पण ती वाईट नव्हती, हे मी साक्षीला उभे राहून सांगेन. तिने रांगेतल्या बायकांना थांबायला सांगितले आणि दार लोटून घेतले. शिवणताईला तिने समोर पाजायला लावले, तेव्हा कळले की गुंडी नुसते टोक धरते, दमते आणि पोट भरण्याआधीच झोपी जाते. त्याच दुपारी डॉक्टरांना दाखवले. काठी टेकत मावशी आल्या. बाळाचे तोंड पुरते कसे उघडू द्यायचे, ते त्यांनी दाखवले; काढलेले दूध चमच्याने पाजायला शिकवले. मग शिवणताईची पाठ चोळता चोळता त्यांनी तिसरा प्रश्न विचारला. उत्तर फार वेळ चालले. त्यात शब्द नव्हते.

सिस्टरने त्या अकराही बाळांना परत बोलावले. माझा स्क्रू फिरवला, मोठ्याने “शून्य” म्हटले आणि एकेकाचे वजन पुन्हा केले. दोघांचे कमी भरले. त्यांच्याकडे वेळीच लक्ष गेले. दोन आठवड्यांनी गुंडी आली. मी तीन किलो चारशे दाखवले. तोच आकडा, पण या वेळी तो सगळाच्या सगळा गुंडीचा होता. सासूबाईंनी तबकडी दोनदा वाचली आणि कोणाला दिसू नये म्हणून नाक पुसले.

इथे ही गोष्ट संपली असती तर मी आज तुळईलाच असतो. पण वरून विचारणा आली: अकरा बाळांना पुन्हा का बोलावले? सिस्टर बराच वेळ कोऱ्या कागदासमोर बसली. मग तिने लिहिले, काटा खराब. दोनच शब्द. नवा बॅटरीवर चालणारा काटा आला. झोळी गेली. ती नसल्याने माझा काटा आता शून्याच्या नऊ रेघा मागे जाऊन उभा राहिला. तेच दोन शब्द लिहिलेली चिठ्ठी माझ्या गळ्यात बांधून मला या कपाटात ठेवले गेले.

साडेपाच वर्षे झाली. काचेतून मला टेबल दिसते. सिस्टर नव्या काट्यावर बाळ ठेवण्याआधी रोज मोठ्याने म्हणते, “शून्य!” आईला तीनही प्रश्न विचारते. तो शब्द कानावर पडला की माझा काटा सवयीने उठू पाहतो. स्प्रिंग त्याला धरून ठेवते.

गेल्या आठवड्यात शिवणताई आली. पुन्हा पोटुशी आहे. बरोबर गुंडी, दात पडलेली, अक्षरे नव्याने जुळवणारी. दिसेल ते वाचायचे, असे तिचे चालले होते. माठावरचे वाचून झाले, दारावरचे झाले. मग काचेला नाक लावून ती माझ्यापाशी आली. चिठ्ठीचा एक कोपरा इतक्या वर्षांत दुमडून मागे वळला होता आणि शेवटचे अक्षर घडीत गेले होते.

“का-टा,” ती वाचू लागली. “ख-रा. काटा खरा! आई, हे घड्याळ खरं आहे!”

सिस्टरचे लिहिणे थांबले. शिवणताईने तिच्याकडे पाहिले. दोघींपैकी कोणीही चूक दुरुस्त केली नाही.

सगळ्या गेल्यावर सिस्टर किल्ली घेऊन आली. तिने कपाट उघडले, चिठ्ठी हातात घेतली. मला वाटले, आता सुतळी तुटणार. ती तुटली नाही. सिस्टरने दुमडलेल्या कोपऱ्यावरून नख फिरवून ती घडी पक्की केली आणि पुन्हा कुलूप लावले. तिची धाव इतकीच आहे. मी ती स्वीकारली आहे.

मित्रांनो, माझे मागणे फार नाही. मला बाहेर काढा, असेही म्हणत नाही. तुमच्या घरी, दारी कधी बाळ तोलले जाईल, तेव्हा आधी रिकामी झोळी अडकवून पाहा. आणि त्या बाळाची आई काही सांगत असेल, तर तिला आकडा दाखवण्याआधी आपले शून्य तपासा.