विसीची अंडी

ईस्टरपासून टोर्रेमोरा गावात पावसाचा टिपूस नव्हता. गहू उभ्या उभ्या वाळत होता. नगरपालिकेने पाणी शिंपडायला बंदी घातली होती, आणि बारमधली माणसं कॉफीचा कप हातात धरून दारातून आभाळ बघत उभी राहायची. पण हिमेनाइतकी पावसाची वाट कोणीच बघत नव्हतं. शेतकऱ्यांना तो कधीही चालला असता. तिला तो रविवारी, सामन्याच्या आधी हवा होता.

हिमेना गावच्या महिला फुटबॉल संघात मधल्या फळीत खेळायची. संघाचा सगळा खेळ तिच्या पायांतून जायचा. लहानपणी पोरांच्या संघात एकटी मुलगी म्हणून खेळली, पुढे मोठ्या शहरात जाऊन पहिल्या श्रेणीत खेळली, तिथे उजवा गुडघा फाटला आणि ती गावी परत आली. आता सकाळी बिस्किटांच्या कारखान्यात काम आणि संध्याकाळी सराव. रविवारी जिंकलं की टोर्रेमोरा पहिल्या श्रेणीत जाणार होतं, आणि त्याच्याबरोबर तीही. याखेरीज तिला आयुष्यात काही नको होतं.

आणि नेमका आताच गुडघा पुन्हा सरकायला लागला होता. जिना उतरताना आत काहीतरी जागचं हलायचं, मग परत बसायचं. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरने तेव्हाच बजावलं होतं, हा पुन्हा फाटला तर फुटबॉल विसरायचा. गुडघ्याचं हे नवं दुखणं फक्त गोलरक्षक बेगोन्याला माहीत होतं.

“सांगून टाक ना बाई,” शुक्रवारी सराव संपल्यावर बूट काढता काढता बेगोन्या म्हणाली.

“म्हणजे बाकावर बसवतील.”

“मग बस की! जन्मभर लंगडत फिरणार आहेस का?”

“एकच सामना गं, बेगो. मैदान ओलं असलं की बूट सरकतो, गुडघ्याला पीळ बसत नाही. कोरड्यात ही मेली प्लास्टिकची हिरवळ बूट धरून ठेवते.”

“आणि पाऊस नाही आला तर?”

“येणार आहे. टीव्हीवर सांगितलंय.”

खरंच संध्याकाळी पश्चिमेकडून ढग आले. चर्चच्या मनोऱ्यावरचे करकोचे घरट्यात दबून बसले, वारा थंड झाला, आणि हिमेना बऱ्याच दिवसांनी शांत झोपली.

शनिवारी दुपारी जेवायला बसली तर पुढ्यात मसुराची आमटी आणि पाव. सामन्याच्या आदल्या दिवशी आईच्या हातचं बटाट्याचं जाड ऑम्लेट खायचं, हा तिचा पोरवयापासूनचा नेम होता.

“आई, ऑम्लेट कुठंय?”

“अंडी संपली,” तिची आई विसी मागे न वळता म्हणाली.

“काल तर टोपलीभर होती.”

“शेजारणीला दिली. तिच्याकडे पाहुणे आलेत.”

विसी शेजारणीला चिमूटभर मीठही देणारी बाई नव्हती. हिमेनाचा घास हातातच राहिला. लग्नाच्या दिवशी पाऊस नको असला की वधूकडची माणसं सांता क्लाराच्या मठातल्या नन्सना अंडी नेऊन देतात, हे टोर्रेमोरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण असल्या दुष्काळात पाऊस अडवायला अंडी न्यायची म्हणजे शेतकऱ्यांनी गावातून हाकलून दिलं असतं. म्हणून ही थाप. हिमेना उठून खिडकीशी गेली. पश्चिमेकडे ढगांना भोक पडलं होतं आणि त्यातून निळं आभाळ दिसत होतं.

हिमेना अंड्याबिंड्यांवर विश्वास ठेवणारी नव्हती. तरीही ती जेवण टाकून मठाकडे निघाली.

मठाच्या भिंतीत एक गोल फिरतं लाकडी कपाट आहे. बाहेरच्याने त्यात वस्तू ठेवायची, आतल्या बाईने फिरवून घ्यायची, कोणी कोणाचं तोंड बघायचं नाही. तिने घंटा वाजवली.

“कोणाचं लग्न आहे?” आतून म्हातारा आवाज आला.

“लग्न नाही, सिस्टर. मी विसीची मुलगी.”

“अगं, हिमेना! आम्ही सगळ्याजणी तुझ्यासाठीच प्रार्थनेला बसलोय. काय रडली गं तुझी आई! पावसातच पोरीचा गुडघा गेला म्हणाली, पुन्हा तसं व्हायला नको.”

हिमेनाने कपाळ त्या लाकडाला टेकवलं. तेव्हा पाऊस होता हे खरं, पण गुडघा एका धिप्पाड बचावपटूच्या धडकेने गेला होता. इतकी वर्षं आई दोष पावसाला देत आली आणि हिमेनाने कधी ते खोडलं नाही.

“सिस्टर, ती अंडी परत मिळतील का?”

आत कोणीतरी खुदकन हसलं. कपाट करकरत फिरलं आणि समोर पांढऱ्या कागदाचा पुडा आला. आत पिवळ्याधमक गोळ्या होत्या.

“सकाळीच त्यांची मिठाई केली. घे, खा. उद्या लख्ख ऊन पडेल, काळजी करू नकोस.”

ती घरी आली तेव्हा विसी तिचा शर्ट इस्त्री करत होती. “आभाळ बघ कसं निवळलं!” विसीचा चेहरा लग्नघरच्या बाईसारखा फुलला होता. गुडघ्याचं सांगून टाकायची हीच वेळ होती. पण सांगितलं असतं तर विसी हातातली इस्त्री घेऊनच प्रशिक्षकाच्या घरी धावली असती. हिमेनाला खेळायचं होतं. लहान पोरासारखा, हावरटासारखा खेळ हवा होता तिला. तिने मिठाईचा पुडा टेबलावर ठेवला. विसीने पुड्याकडे बघितलं आणि शर्टावर पुन्हा इस्त्री फिरवली.

रविवारी लख्ख ऊन पडलं. मैदानावरून रबराचा करपट वास येत होता. बेगोन्याने आभाळाकडे पाहिलं, मग हिमेनाकडे. “अजून वेळ आहे. पोट दुखतंय म्हण.”

“गप गं. तू तुझा गोल सांभाळ.”

आणि खेळली मात्र काय! मध्यंतरापर्यंत प्रत्येक चेंडू तिच्याकडून जात होता. एक गोल तिच्याच पासवर झाला, आणि गर्दीत विसी घसा फाटेपर्यंत ओरडत होती. मध्यंतरानंतर चेंडू तिच्या पाठीमागे पडला. तिने उजवा पाय रोवला आणि वळली. अंग वळलं, बूट जागचा हलला नाही. ओली फांदी मोडावी तसा आवाज तिला स्वतःलाच आला.

तिने प्रशिक्षकाकडे पाहिलंच नाही. ती आडवी पडून डोक्यावरचं निळं आभाळ बघत राहिली. बेगोन्या गोल सोडून धावत आली तेव्हा ती एवढंच म्हणाली, “आईला काही बोलू नकोस.”

रुग्णवाहिकेत विसी शेजारी बसली. दोन्ही हातांनी तिचा हात चोळत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“तुला सांगितलं नव्हतं गं. मी मठात अंडी दिली होती, पाऊस नको म्हणून. पाऊस असता तर याहून वाईट झालं असतं ना? सांग ना, झालं असतं ना?”

हिमेनाने आईकडे पाहिलं. खरं सांगितलं तर ही बाई मरेपर्यंत अंड्याला हात लावणार नाही, हे तिला दिसलं.

“हो आई,” ती म्हणाली. “फार वाईट झालं असतं. तुझ्या अंड्यांनीच वाचवलं.”

विसीने डोळे पुसले. “मग पुढच्या सामन्याला दोन टोपल्या नेईन,” ती म्हणाली.