फुटक्या बाटल्यांचे गळे

आमच्या मेहकरच्या गोदामात अख्ख्या बाटलीपेक्षा फुटक्या बाटलीची बडदास्त जास्त. दारूच्या ठोक धंद्यातली ती आमची रीतच. माल गोदामात येतो तेव्हा त्यावर सरकारी शुल्क भरलेलं नसतं. दुकानांकडे निघतो तेव्हा आधी चलन भरायचं, मग पास मिळणार, मग टेम्पो हलणार. मधेच, आतल्या आत बाटली फुटली तर तिचं शुल्क माफ. पण नुसतं 'फुटली' म्हणून भागत नाही. तिचा गळा, बुचासकट, सील न तुटलेला, उत्पादन शुल्काच्या साहेबांना दाखवायचा. साहेब मोजतात आणि बूच ठेचतात, म्हणजे तोच गळा पुन्हा दाखवता येत नाही. गळाच नसला, की बाटली मागच्या दाराने गेली असं धरतात.

हे सगळं नव्या माणसाला शिकवायचं काम माझं. गोदामाची कारकून मीच. म्हणून तर पुढचं सांगायला जीभ जड होते.

मार्चमध्ये कडूबाच्या हातून पेटी निसटली. अकरा बाटल्या फुटल्या. कडूबा सुलतानपूरचा, आमचा हमाल. एकेकाळी पिऊन रस्त्यात पडायचा. चार वर्षांपासून थेंब नाही. दिवसभर दारूच्या पेट्या वाहून कपड्यांना तोच वास घेऊन घरी जायचा, तरी त्याची बायको विमल विश्वास ठेवायची.

"तिले डोळ्यात दिसते ताई," तो म्हणायचा. "वासाचं काय, वास तं तुमच्या लुगड्यालेबी येते."

अकरा गळे मी टोपलीत ठेवले. झाडणाऱ्या रुक्मिणीबाईच्या पायाला काच लागायला नको, म्हणून टोपली जिन्याखाली सरकवली. तिथे जुनी टोपली होतीच, साहेबांनी मोजून ठेचलेल्या गळ्यांची. शनिवारी भंगारवाला आला. मी फोनवर होते. बोटाने दाखवलं, "ती ने."

मंगळवारी साहेब आले. टोपली पुढे केली, तर गळे सोळा, आणि सगळ्यांची बुचं आधीच ठेचलेली. मला तिथेच कळलं, शनिवारी भंगारवाल्याला मी भलतीच टोपली दाखवली होती.

"अकरा बाटल्यांचं शुल्क भरा," साहेब म्हणाले. "आणि माणसं पारखून ठेवत जा."

गोदामाचे मालक जानरावशेठ कडूबाकडे वळले. "काऊन बे, पुन्हा सुरू केली का?"

"नाही शेठ. मायची आन. फुटल्या त्या, ताईच्या समोर फुटल्या."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "फुटल्या तर होत्या." एवढंच. बाकीचं साहेब गेल्यावर सांगू म्हटलं. साहेब गेले तर शेठ तापलेले. उद्या सांगू म्हटलं. कडूबा डब्याची पिशवी घेऊन कायमचा निघाला, तेव्हा मी खाली मान घालून चलन भरत होते. त्याच अकरा बाटल्यांचं.

सांगायला मला पाच आठवडे लागले. "वंदनाताई, तुम्ही?" शेठ म्हणाले आणि चक्क हसले. माझी नोकरी गेली नाही. ते जास्त लागलं.

त्या रविवारी सुलतानपूरला गेले. विमलबाई ओट्यावर मेथी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं, पण हातातली जुडी खाली ठेवली नाही.

"तो पाया पडून सांगे," ती म्हणाली. "मी म्हटलं, गोदामातून काढलं म्हंजे काहीतरी असनच." मग आणखी दोन काड्या निवडून झाल्यावर, "लवकर यायचं होतं ताई."

दिवस कलताना कडूबा आला. आता भाजीच्या अडतीवर पोती वाहतो. अंगाला कांद्याचा वास. मला पाहून "या ताई" म्हणाला, जणू काही झालंच नव्हतं.

विमलबाई बसल्या जागेवरून बोलली, "ताईच्या हातून झालं होतं ते. तुयं काई नव्हतं."

"हाव का," तो म्हणाला.

मग चपला काढून उंबऱ्याशी उभा राहिला आणि तोंड उघडलं. विमलबाई उठली, त्याच्या जवळ गेली आणि वास घेतला. घेऊन झाल्यावर तिच्या ध्यानात आलं.

"सवय झाली," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, आणि त्याला आत जाऊ दिलं.