पुढच्या वर्षाचं पत्र

मगरदेवाच्या देवळापुढे निम्मं गाव लोटलं होतं. पायरीवर सोतास भगत एक पत्र डोक्यावर धरून घुमत होता.

“आज मेसोरेची सातवी. वर्षाचा हा शेवटचा महिना सरायचाय. आणि यावर तारीख थोथची आठवी! नव्या वर्षाच्या पहिल्या महिन्यातली! छत्तीस दिवसांनी लिहायचं पत्र देवानं आजच धाडलंय. काळाचा नाग उलटा फिरलाय रे!”

“उलटा फिरलाय!” गर्दीनं री ओढली.

कांदे घ्यायला निघालेली सारापियास थबकली. गावातली पोरं तिच्याकडे अक्षरं गिरवत. पायरीशी हेराइस विणकरीण रडत बसली होती. पत्र तिच्या लेकीचं होतं. लेक दिली होती नाईलच्या वरच्या अंगाला, दोन दिवसांच्या वाटेवर. ‘ताप उतरत नाही. आई, लवकर ये,’ एवढाच मजकूर. हेराइसला वाचता येत नव्हतं, म्हणून तिनं ते सोतासकडे नेलं होतं.

“मग तू अजून इथं काय करतेस?” सारापियासनं विचारलं.

“भगत म्हणतात, ताप अजून आलेलाच नाही. छत्तीस दिवस मी उंबरा ओलांडला नाही आणि गाय देवाला दिली, तर येणारही नाही.”

“देवाला म्हणजे ह्यांच्या गोठ्यात ना?”

कुणीतरी फिसकन हसलं. सोतासनं डोळे वटारले. “बाई, पोरांना अक्षरं शिकवा. देवाच्या वाटेला जाऊ नका.”

“अक्षरंच बघते. द्या इकडं.”

खाली पत्र लिहून देणाऱ्याची ओळख होती: तिकडच्या देवळाचा पुजारी. सारापियास पत्र आणणाऱ्या नावाड्याकडे वळली. “हे तुझ्या हातात कधी दिलं?”

“चार दिवस झाले. होडी गाळात रुतली, म्हणून उशीर.”

मग तिनं सावलीत बसलेल्या म्हाताऱ्या पुजाऱ्याला हाक मारली. “बुवा, तुमच्या सणावारांच्या हिशेबानं आज काय?”

“थोथची बारावी,” म्हातारा सहज म्हणाला. “हा सोतास सकाळीच बारावीचा नैवेद्य घेऊन गेला की माझ्याकडून!”

सारापियास गर्दीकडे वळली.

“ऐकलंत? सरकारी वर्षात दर चौथ्या वर्षी एक दिवस वाढवतात. देवळातलं जुनं वर्ष तो वाढीव दिवस धरत नाही, म्हणून पुढं पळतं. दीडशेवर वर्षांत चाळीस दिवस पुढं गेलंय. पत्र लिहिणाऱ्या पुजाऱ्यानं देवळातली तारीख घातली. दिवस तोच, नावं दोन. पोर आत्ता तापानं फणफणलीय, हेराइस!”

हेराइस ताडकन उठली. “गाय सांभाळा, बाई!” म्हणत ती नावाड्यामागं धावली.

“नागाचा कोप होईल...” सोतास पुटपुटला.

“आधी आजची तारीख धड सांग,” गर्दीतली एक कांदेवाली कडाडली, “मग कोपाचं बघू!”

हेराइस पोचली तेव्हा लेकीला आई ओळखू येईना. ओली फडकी बदलत आईनं आठ दिवस काढले. नवव्या दिवशी पोरीनं भाकरी मागितली.

नवल दिसलं की हात जोडण्याआधी एवढं विचारा: हे कुणी लिहिलं, आणि त्याच्याकडे आज कोणता दिवस आहे? देवाला राग यायचा नाही. भगतांना येईल. येऊ द्या.