घोटलेली उतरण

“पिल्लू हाय अवो, मुंगसाचं!” चंद्राबाईनं हौदातून काढलेला ओला गोळा पदरात धरला. पिल्लू मेलं होतं.

तिचा नवरा, परसू गवंडी, थापी धुता धुता थांबला. “उतरण दिलीया की! पडलं तर चढून यावं म्हणूनच केली न्हवं?”

“नख कुटं रोवायचं त्यानं? आरशागत घोटलीया तुमी.”

नव्वदच्या दशकात बंगळूरच्या व्हाइटफील्डला आयटीवाल्यांचे बंगले उठू लागले होते. त्यातल्या एकाच्या बागेतला हा हौद. पाण्यात पडलेल्या खारी-मुंगसांना बाहेर येता यावं म्हणून आर्किटेक्ट स्मिताताईंनी आत तिरपी उतरण दाखवली होती. “परसूअण्णा, रफच ठेवा हं,” असं बजावलंही होतं. पण निपाणीपासून बंगळूरपर्यंत परसूचं नाव झालं ते सिमेंटच्या गुळगुळीत घोटाईवर. काम खडबडीत सोडायचं म्हणजे त्याला जेवून हात न धुतल्यासारखं वाटे. ताई गेल्यावर त्यानं सवयीनं थापी फिरवली होती.

आता त्याला ते पिल्लू बघवेना. त्यात कंपाउंडपाशी मेलेल्या पिल्लाची आई दुसरं पिल्लू घेऊन घुटमळत होती. एप्रिलचं ऊन, आसपास दुसरं पाणी नव्हतं.

परसूनं छिन्नी-हातोडा उचलला.

“आत्ता नगा,” चंद्राबाई कळवळून म्हणाली. “महांतेशअण्णा सर्जापूर रोडच्या नव्या बंगल्याच्या मालकास्नी घिऊन यायल्यात. तुमची घोटाई बघूनच काम देणार हाईत. त्येंनी जाऊ देत, मग फोडा.”

“तवर त्ये दुसरं पडलं तर?”

तो गुडघाभर पाण्यात उतरला. पहिला घाव त्यानं बिचकत घातला. नंतर मात्र हात थांबला नाही.

गाडीचा आवाज आला तसा तो बाहेर येऊन उभा राहिला. ठेकेदार महांतेशबरोबर आलेल्या मालकांनी हौदात वाकून पाहिलं. उतरणीवर नुसत्या खाचा. त्यांनी तोंड वाकडं केलं. “हे कुणी केलं?”

महांतेश चपापला. “पोरांनी केलं असणार, सर. परसूचा हात असा नाही.” त्यानं परसूला डोळ्यानं खुणावलं.

“माजंच काम हाय त्ये,” परसू म्हणाला.

पिल्लाचं सांगून टाकावं, असं त्याच्या मनात आलं. पण आपल्या हातून गेलेल्या जिवाच्या नावावर काम मागणं त्याला जड गेलं. मालक घड्याळ बघत गेटकडे वळले. महांतेश त्यांच्यामागे धावला.

गाडी गेली. परसू पुन्हा पाण्यात उतरला. उतरणीच्या खालच्या टोकाला थोडी गुळगुळीत जागा अजून राहिली होती.